टाकीतलं पाणी

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे भिंगवाली म्हणत. सासऱ्यांचं वाचायचं भिंग पळवून ती मुंगीचे पाय मोजत बसायची. "मुंगीचे पाय मोजून कुणाचं पोट भरलंय का?" सासूबाई करवादायच्या. तरी पोरगी विज्ञान शिकली, शिकवण्याची पदवी घेतली आणि मी कारकून आहे त्या शाळेत चार वर्षं परीक्षानळ्या विसळत राहिली. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद. तपासणीला साहेब आले की तेवढा पुसून बाहेर काढायचा.

मग विज्ञान शिकवणाऱ्याची जागा निघाली. एक पाठ घेऊन दाखवायचा, हेडमास्तरांना पटला की नेमणूक. विषय सूक्ष्मजीव. फळ्यावर चित्र काढून भागलं असतं. हिनं सूक्ष्मदर्शकच मांडला आणि एकेका मुलाला डोळा लावायला बोलावलं.

"बाई, हे वळवळतंय!"

"ईऽऽ, याला शेपूट आहे!"

मागच्या बाकावर हेडमास्तर खूश. "वा! कुठल्या डबक्यातलं आणलंत?"

"डबक्यातलं नाही सर. गच्चीवरच्या टाकीतलं. मुलं पितात ते."

एक मुलगी तोंडावर हात दाबून बाहेर धावली.

हेडमास्तर नणंदेला माझ्या टेबलाशी घेऊन आले. नेमणुकीचा कागद मीच टाइप केलेला, सही तेवढी बाकी. "वर्गात सांगून या, चूक झाली, पाणी गटारातलं होतं. मी इथेच सही करतो." आणि घरून आणलेल्या बाटलीतून ते घटाघटा पाणी प्यायले.

मीही म्हटलं, "अगं, एका वाक्याचा तर प्रश्न. चार वर्षं झिजलीस ना?"

तिनं टेबलाखालच्या माझ्या बाटलीकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही घरून पाणी का आणता हो?"

मी बाटली पायानं आत सरकवली. मला ठाऊक होतं. तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं.

ती वर्गात गेली आणि म्हणाली, "टाकीचं पाणी पिऊ नका. घरून उकळून आणा."

तोच कागद मी नाव बदलून पुन्हा टाइप केला. नव्या बाईंनी फळ्यावर सुबक चित्र काढलं होतं. आठवड्यात टाकीला बाहेरून निळा रंग लागला, वर ठळक अक्षरं: शुद्ध पाणी. झाकण कुणी उघडलं नाही. नव्या बाईही आता घरची बाटली आणतात.

त्या अक्षरांची मला शिसारी येते, माझी स्वतःची त्याहून जास्त. देवापुढे मी रोज गाळलेलं पाणी ठेवते, आणि दुसऱ्यांच्या लेकरांना आम्ही टाकीतलं पाजत आलो.

त्या वर्गातली मुलं मात्र बाटल्या घेऊन येतात.

पुढे दोन वर्षांनी भिंगवालीला एका लहान शाळेत जागा मिळाली. तिथे तिचा पहिला तास वर्गात होत नाही. मुलांना घेऊन ती गच्चीवर जाते आणि म्हणते, "आधी झाकण उघडा."