डाव्या हाताची नाडी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी थोरली बहीण रिसोडच्या सासरहून माहेरी आली ती पार सुकून. अंगात बारीक ताप, वेणी घालताना हात अर्ध्यातच गळून खाली यायचे, वर पाहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. सासू म्हणे, कामचुकार आहे. कामचुकार बाई स्वतःची वेणी अर्धी सोडते का, हे त्या सासूला विचारायची माझी फार इच्छा होती.

आमच्या गावचे वैद्य सकाळी अनशापोटी नाडी पाहत; पुरुषाची उजवी, बाईची डावी. ताईच्या मनगटावर त्यांनी बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीची नाडीच लागून नाही राह्यली. आतून सरली ते." ताई तेव्हा समोर बसून शेंगा सोलत होती.

त्या दिवसापासून शेजारीण तिच्याजवळ लेकरू देईना. मी तर बोलता बोलता तिचं डावं मनगट चाचपायची. थंडगार, आत काहीच हलत नसे, आणि ती हसून विचारी, "काय पाह्यतं वं?" मला तिची भीती वाटायची. सख्ख्या बहिणीची.

आठवड्याभरात भर दुपारी दांडीवरचं लुगडं काढताना ती वर बघता बघता कोसळली. बायका धावल्या, एकीनं डावा हात धरला आणि हंबरडा फोडला. आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं, बाबांनी सासरी माणूस धाडला. एवढ्यात ताईनं डोळे उघडून पाणी मागितलं. बायका दारापर्यंत मागे सरल्या. पाणी आईनं पाजलं.

वाशीमच्या डॉक्टरांनी तिचा उजवा हात धरला. "ही काय नाडी. बारीक आहे, पण आहे." डाव्या हाताचं ब्लडप्रेशर लागलंच नाही, पायाचं भलतंच चढलेलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या सुजून आतून जाड झाल्यात, डाव्या हाताची वाट बुजली, मेंदूकडची अरुंद झाली, असं त्यांनी समजावलं. तरुण बायकांनाच जास्त होतो म्हणे हा आजार. नागपूरला न्या, औषधानं सूज आटोक्यात येईल. मग विचारलं, "उजवा हात कोणीच पाहिला नाही?"

"बाईमाणसाची डावीच पाह्यतात ना, साहेब," बाबा म्हणाले.

परतीच्या एसटीत ताई माझ्या शेजारी होती. बाहेर बघतच म्हणाली, "त्या दिवशी मले ऐकू येऊन राह्यलं होतं. समद्या रडून राह्यल्या होत्या. तुहा आवाज नाही आला."

वैद्य बोलले त्याच दिवशी मी तिला मेलेली धरलं होतं. माझं रडून झालं होतं.