मुन्नीच्या पिंजऱ्यातलं पाणी

मी बेंबळी सोडली त्या दिवशी बा स्टँडवर आला नाही. तो जनावरांच्या छावणीत होता. बैल दुसऱ्याच्या भरवशावर टाकून यायला त्याचं मन होईना. माय आली. तिनं भाकरी बांधून दिली, एक बाटली पाणी दिलं आणि एसटीच्या खिडकीची दांडी धरून म्हणाली, "वाटंत कुनाला पानी मागत बसू नको. हाय तेवढं पुरवून पी." सोलापूरपर्यंत मी बाटलीला तोंड लावलं नाही. सोलापूरला स्टेशनवर एक माणूस नळाखाली चपला धूत होता. गाडी येईपर्यंत मी त्याच्याकडंच बघत होतो.

तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना ती सालं सांगायला नकोत. बहात्तरचा दुष्काळ आमच्या लहानपणी होऊन गेला होता. हे त्यानंतरचं, ऐंशीच्या पुढचं. जे माझ्यासारखे निघाले ते पुण्याला गेले, भिवंडीला गेले, सुरतेला गेले. मी बंगलोरला गेलो आणि चिंपांझी सांभाळायला लागलो. शहराबाहेर एका ट्रस्टनं सर्कशीतून सोडवलेल्या प्राण्यांसाठी जागा केली होती, तिथं. सुट्टीत आलो की पारावरची माणसं विचारायची, "काय रे, तुझी माकडं काय म्हणत्यात?" मीही हसून वेळ मारून न्यायचो.

ही नोकरी मिळाली ती दूध सोसायटीमुळं. आमच्या सोसायटीत मी कॅन धुवायचो. दुष्काळात पाणी टँकरचं, आणि त्यातलं सोसायटीच्या वाट्याला थोडंच. म्हणून एक रीत पडली होती. पहिल्या कॅनमध्ये पाणी घ्यायचं, गदागदा हलवायचं, तेच दुसऱ्यात ओतायचं, मग तिसऱ्यात. शेवटच्या कॅनमधलं पांढुरकं पाणी वासरांना पाजायचं. चेअरमन पाहुण्यांना मुद्दाम मागच्या बाजूला आणून दाखवायचे, "ह्या पोराच्या हातनं थेंब खाली पडत न्हाय बगा." पुढं दूधच येईना आणि सोसायटीला कुलूप लागलं. दूध संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांची बंगलोरला ओळख होती. त्यांनी चिठ्ठी दिली. पोरगं कामाचं आहे, असं त्यात लिहिलं होतं.

तिथं चार चिंपांझी होते. सगळ्यांत थोरला शंकर. चावू नये म्हणून सर्कसवाल्यांनी त्याचे पुढचे दात काढून टाकले होते, त्यामुळं त्याला केळंसुद्धा कुस्करून द्यावं लागे. दोन माद्या बहिणींसारख्या एकमेकींना चिकटून असायच्या. आणि मुन्नी, सगळ्यांत लहान. तिच्या गळ्याभोवती साखळीनं केस गेलेला एक पट्टा होता, तिथं पुन्हा केस आलेच नाहीत. सकाळी नाचणीची आंबील, मग फळं, दुपारी शेंगा आणि उकडलेली अंडी. संध्याकाळी झाडाच्या ताज्या फांद्या आणि गोणपाटं आत टाकायची. ती वाकवून, दाबून प्रत्येकजण आपलं अंथरूण आपण करायचा. जंगलात त्यांच्या आया त्यांना हे शिकवतात म्हणे. मुन्नीला ते येत नव्हतं. ती फांद्या डोक्यावर घेऊन बसायची आणि मग मधल्या दारातून शेजारच्या पिंजऱ्यात, शंकरच्या अंथरुणात घुसायची.

माझ्या वरचा माणूस रहीमचाचा. तो याच चौघांबरोबर सर्कशीतून आला होता. ताट दिसलं की शंकर उभा राहून सलाम ठोकायचा, आणि चाचा घाईनं म्हणायचा, "हात उठने के पैले दे उसकू, पैले दे." मी एकदा विचारलं, करू दे की सलाम, काय बिघडतं? चाचा म्हणाला, "उसकू मालूम नै ना रे, सर्कस बंद हो गई बोलके. सलाम नै करा तो खाना नै, ऐसाच समझता." मग हळूच म्हणाला, "मैंच सिखाया था." आमच्या उस्मानाबादच्या बाजारात ऐकलेली तीच बोली होती ती. परमुलखात मला पहिल्यांदा कुणी आपलं वाटलं ते त्यामुळं.

मुन्नीला माझा हात आवडायचा. जाळीला हात लावून बसलो की ती दंडावरचे केस विंचरायची, कातडीवरचा एकेक डाग नखानं तपासायची. खपली दिसली की ओठ पुढं काढून अगदी जवळून बघायची. घर सोडल्यावर इतक्या सावकाशीनं मला कुणी हात लावला नव्हता.

जागेवर बोअर होती आणि पाणी धो धो होतं. ट्रस्टच्या मॅडमचा नियम होता की प्रत्येक पिंजऱ्याची बादली वेगळी, झाडू वेगळा, आणि फरशी धुतलेलं पाणी सरळ गटारात. रोज सकाळी मी होजपाईप धरायचो आणि ते पाणी वाहताना बघायचो. तेव्हा माय टँकरपुढं घागर घेऊन उभी असणार, हे मला ठाऊक होतं. नियम मला समजला नव्हता असं नाही. तो मला मोठ्या माणसांची उधळपट्टी वाटला. चाचा समोर असला की मी पाईप वापरायचो. चाचा बाजाराला गेला की बादली घ्यायचो आणि एका पिंजऱ्याची फरशी धुतलेलं पाणी, वरचं वरचं, दिसायला स्वच्छ असलेलं, पुढच्या पिंजऱ्यात न्यायचो. माझ्या परीनं मी तिथं काहीतरी वाचवत होतो. कुणासाठी, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

मग दुसऱ्या सर्कशीतून एक नर आला. हाडांचा सापळा झालेला, सारखी हगवण लागलेला. त्याला आजारी जनावरांच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. मुन्नीचा पिंजरा त्या खोलीच्या सगळ्यांत जवळ होता. चाचा त्या दिवसांत औषधांसाठी सारखा शहरात जायचा.

पहिल्यांदा मुन्नीनं आंबील टाकली. दुसऱ्या दिवशी तिला रक्ताची आव सुरू झाली. सलाईनची सुई ती उपटून टाकायची, म्हणून आम्ही तिला साखरमिठाचं पाणी चमच्यानं पाजत होतो. ट्रस्टचे डॉक्टर चक्रावले होते. नवा नर बंद खोलीत, सगळ्यांच्या बादल्या वेगळ्या, मग हिच्यापर्यंत आजार आला कसा? त्यांनी मला बोलावून साधेपणानं विचारलं, "तू धुतोस कसं? करून दाखव बरं."

मी आजारी नराच्या खोलीत करून दाखवलं. बादली हलवली, पाणी फरशीवर फिरवलं, झाडूनं पुन्हा बादलीत ओढून घेतलं आणि उचलून मुन्नीच्या पिंजऱ्याकडं निघालो. वर त्यांना सांगितलं की आमच्याकडं असंच करतात, एका बादलीत सगळं भागतं. चेअरमन पाहुण्यांना दाखवायचे तेव्हा ज्या आवाजात बोलायचो, त्याच आवाजात मी बोललो. मी शाबासकीची वाट बघत होतो.

डॉक्टरांनी माझ्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली. चाचा दारात उभा होता, त्यानं नराच्या खोलीकडं बघितलं आणि मग मुन्नीकडं. तेव्हा मला कळलं.

मुन्नी दुपारी गेली. तिनं माझं बोट धरलं होतं असं मी काही जणांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं आणि मी हाक मारली तरी वळली नाही. मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही तिला थोडा वेळ शंकरपाशी ठेवलं. आजार शंकरला लागेल अशी डॉक्टरांना भीती होती, पण तो आधीपासूनच तिच्या शेजारी राहत होता. त्यानं तिच्या पाठीवरचे केस विंचरले. तिचा हात उचलला, सोडला, पुन्हा उचलला. संध्याकाळी आम्ही तिला बाहेर काढायला गेलो तेव्हा तो उभा राहिला आणि त्यानं आम्हाला सलाम केला.

मला कुणी काढून टाकलं नाही. काढलं असतं तर निदान काहीतरी फेडल्यासारखं वाटलं असतं. दुसऱ्या सकाळी गटाराच्या तोंडाशी बादली धरून मी उभा राहिलो आणि माझा हात वाकेना. खरंच वाकेना. चाचा मागून म्हणाला, "फेंक रे, फेंक." आणि त्यानं माझं मनगट धरून बादली उपडी केली. कित्येक दिवस तो असा माझ्याबरोबर उभा राहायचा.

उन्हाळ्यात गावी गेलो. मायनं वाढताना मी "साकु" म्हणालो, म्हणजे कन्नडमध्ये पुरे, आणि ती हसली, "आता पोटबी कानडी झालं व्हय तुजं?" जेवण झाल्यावर मी तिला मुन्नीचं सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "लेकरू व्हतं का ते?" मी हो म्हणालो. माझं सांगून झाल्यावर ती भांडी राखेनं घासत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पानी राखायला तुला म्याच शिकिवलं."

मी तिला दोष द्यायला आलो नव्हतो. तसं म्हणालोही. पण तिच्याशिवाय सांगायला मला दुसरं कुणी नव्हतं, आणि सांगितल्यावर ते ओझं निम्मं झालं नाही, दोघांचं झालं.

सकाळी तिनं मला परातीत बसवून आंघोळीला पाणी दिलं. ते परातीत साठलेलं पाणी आमच्याकडं म्हशीचं. आंघोळ होताच तिनं परात उचलली. मी समजलो गोठ्याकडं निघाली. ती उकिरड्यावर गेली, माझ्याकडं वळून मी बघतोय याची खात्री केली आणि सगळं पाणी मातीत ओतलं. शेजारची शेवंताकाकू रिकामी घागर घेऊन टँकरकडं निघाली होती, ती जागीच थांबली.

"लई पानी झालंय व्हय गं? का लेक नोकरीला लागला म्हनून?"

"लेकाच्या नोकरीचंच काम हाय," माय म्हणाली. "तुजं तू जा."

मी राहिलो तितके दिवस तिनं हे रोज केलं. म्हशीसाठी दुपारच्या उन्हात पुन्हा टँकरच्या रांगेत जायची. सुट्टी संपायच्या आधीच मी परत निघालो. ड्युटीवर बोलावलंय असं सांगितलं, आणि खोटं आहे हे ओळखूनही तिनं मला थांब म्हटलं नाही.

तिकडं बोअरला अजून पाणी आहे. बेंबळी माझं घर आहेच, पण मी तिथं असलो की मायला पाणी जास्त आणावं लागतं.