पहिला भाव

माझा नवरा हिवाळ्यात गेला. छातीत दुखायला लागलं, गाडीसाठी आम्ही नाल्यापलीकडे माणूस धाडला, आणि गाडी आली तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोहफुलं पडू लागली तेव्हा त्याच्या कंपनीचे शेअर बाजारात आले.

'त्याच्या' म्हणते, पण तो तिथे नोकर नव्हता. कंपनी शहरातली; यंत्राला गोंडी ऐकायला शिकवणारी. तिच्यासाठी त्याने गावातले आवाज गोळा केले आणि मोबदला म्हणून ग्रामसभेच्या नावाने शेअर मागून घेतले. तेव्हा लोक हसले होते. आता कंपनीने वेगळीच रीत काढली होती. नवे शेअर काढायचे नाहीत, भाव आधी ठरवायचा नाही. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांनी विकावेत, हवे त्यांनी घ्यावेत. भाव त्याच सकाळी बाजारात ठरेल.

ते विकून आजाऱ्यांसाठी जीप घ्यायची, असं ग्रामसभेचं ठरलं होतं. आमच्या गावात मतदान होत नाही. एकानेही नाही म्हटलं तर काम थांबतं. शाळेत शिकवते म्हणून फोन माझ्या हातात दिलेला. सकाळी सगळे टेकडीवर बसलो. रेंज तिथेच येते.

पहिला भाव दिसला. त्यात नवी जीप येत होती.

"थांब," सासू म्हणाली. "ठेकेदाराचा पहिला भाव कधी घेतला का आपण?"

"खरं हाय बाईचं," पाटील म्हणाला. "तेंदूपत्त्याच्या वक्ती तो दोनदा उठून गेला. मंग परत आला, चहा पेला अन् भाव वाढवला."

"इथी ठेकेदार नाई, भाऊ," मी म्हटलं. "उठून जायले समोर कोणीच नाई."

"मंग आपला चहा वाचला!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि टेकडी हसली.

सासूने नाही म्हटलं होतं, म्हणजे थांबायचं. सगळे मोहफुलं वेचायला रानात पांगले. मी एकटी फोन धरून बसले.

भाव परत आला नाही. तो उतरत गेला. दुपारपर्यंत नवी जीप गेली. आता विकले तर जुनी आली असती. मी झाडाझाडाखाली जाऊन विचारत फिरले. एकेकाने मान हलवली. राहिली फक्त सासू, आणि तिचं मोहाचं झाड सगळ्यांत लांब, नाल्यापलीकडे.

बाजार बंद व्हायला फार वेळ नव्हता. टेकडी जवळ होती. तिला नंतर सांगता आलं असतं. पण एक जरी विचारायचा राहिला तर निर्णय झाला नाही, असं माझा नवरा भर सभेत सांगायचा. मी नाल्यात उतरले.

सासू वाकून वेचत होती.

"भाव पडून राह्यला, बाई. नवी जीप नाई येत आता. जुनी येईल, आताच विकलं तर."

तिचा हात थांबला. "मी थांब म्हटलं म्हून?"

मी वाकून दोन फुलं उचलली आणि तिच्या ओटीत टाकली.

"बाकीचे?"

"हो म्हणाले."

"मंग बटण दाबलं काऊन नाई?"

"तुमी राह्यल्या होत्या."

तिने ओटीतली फुलं टोपलीत ओतली. "वीक. पळ, पोरी!"

टेकडीवर पोचले तेव्हा भाव आणखी उतरला होता. बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, मग रेंज गेली. फोन डोक्यावर धरून मी खडकावर चढले. बऱ्याच वेळाने अक्षरं आली: विकले गेले.

पावसाच्या आधी जीप आली. एक दार दोरीने बांधलेलं. पोरं टपावर चढली. सासू लांबूनच बघत होती. मग पुढे आली.

"यात माणूस आडवा मावते?" तिने चालवणाऱ्याला विचारलं.

"मावते ना, बाई."

ती आत शिरली आणि मागच्या बाकावर स्वतःच आडवी झाली. तिचं डोकं एका टोकाला, टाचा दुसऱ्या टोकाला. पोरं हसायची थांबली.

"तो उंच होता," छपराकडे बघत ती म्हणाली. "त्याले पाय मुडपा लागले असते."