मांडवात पुकारलेलं पाणी

मोतीरामकाका कुणाच्याही घरी गेले, की आधी वॉशिंग मशीनपुढे उकिडवे बसत. लेबलवरचे स्टार सोडून एका धुण्याला किती लिटर लागतं ती पाण्याची ओळ शोधत आणि म्हणत, "बापा रे! हे मशीन आहे का हत्ती? केवढं पाणी पेऊन राह्यलं!" चहा त्यानंतर.

लाखांदूरजवळच्या आमच्या गावचे ते ढीवर, म्हणजे मासेमार; तलावावर वाढलेले. पण उमेदीची वर्षं आखातातल्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात गेली. "तिथं नदी नाही, तलाव नाही. समुद्राचं पाणी गोड करून पेतेत. मशीन घ्याच्या आधी पाणी पायतेत, रंग नाही!" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं, की आम्ही त्यांना 'दुबईवाले' म्हणू लागलो. तलावाच्या गावात पाणी मोजणारा माणूस म्हणजे चेष्टेला आयताच की हो!

त्यांचा जीव अडकलेला तो तलावातल्या डोहात. उन्हाळ्यात बाकीचा तलाव आटतो, तेव्हा अंडी घालणारे मरळ मासे तिथेच तग धरतात. गावाच्या नळांना पाणी देणारी विहीरही त्याच्याच काठाला. घरोघर मशीनं आली आणि डोह दर उन्हाळ्यात लहान होत गेला. तो आटला तर ढीवरांनी जाळं टाकायचं कुठे?

अशात त्यांच्या लेकीचं, वंदनाचं लग्न ठरलं, गावातच. सासरच्यांनी मोठं मशीन पसंत केलं; काकांनी आणलं लहान, कमी पाण्याचं. आमच्याकडे आंदण मांडवात मांडून एकेक वस्तू कंपनी-किमतीसकट माईकवर पुकारतात. मशीन पाहताच व्याही ताडकन उठले. "आमची इज्जत काढाले आणलं का हे?" वंदना पांढरीफटक पडली. आता लग्न मोडतं, असंच मला वाटलं.

काकांनी माईक घेतला. कंपनी नाही, किंमत नाही. लेबलवरची पाण्याची ओळ तेवढी मोठ्याने वाचली. मग व्याह्यांना हात जोडले. "तुमची पसंती मले मान्य होती जी. पण माह्या पोरीच्या धुण्यापायी डोहातले मरळ मेले, तं तिले आशीर्वाद कोनत्या तोंडानं देऊ?"

वंदना उठली आणि त्या मशीनशेजारी जाऊन उभी राहिली. व्याही पुटपुटत खाली बसले. भर मांडवात, लेकीचं लग्न पणाला लावून माशांसाठी उभा राहणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. परवा त्याच व्याह्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. पुकारणारा मशीनपाशी आला, ऐटीत कंपनीचं नाव घेऊ लागला. व्याह्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"नाव राहू दे बाबू. आधी पाणी किती पेते, थे सांग."