कार्सिनाच्या दारातला माठ

कार्सिना मासे विकायला बसली, की तिचा आवाज थेट मशिदीपर्यंत जायचा. अख्खी गल्ली तिच्या तोंडाला भ्यायची. माझं तर तिच्याशी वर्षभर बोलणंच बंद होतं.

तिचा नवरा तार्जो वारला, तेव्हा मात्र ती तोंडात ओढणी कोंबून बसली. मोठ्याने रडलं तर मयताला कबरीत त्रास होतो, असं तिला कुणी सांगितलं होतं. तिने त्याच्या नावाने दारात पाण्याचा माठ ठेवला. लोकांनी प्यावं, पुण्य त्याला पोचावं. पण तिच्या दारचं पाणी पिणार कोण? नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घरातच राहायची इद्दत, त्यामुळे बाहेर पडून कुणाला आणताही येईना.

मी समोरून जाताना तिने दबक्या आवाजात हाक मारली, "वार्सी, एक घोट पी गं. त्याला तिकडे काहीच पोचत नसेल."

"शिव्या नाही ना देणार?"

ती हसली नाही. करवंटी पुढे करताना तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी आत पडलं. ती पांढरीफटक पडली.

"ओतून टाकते! रडले ना मी, आता त्याला भोगावं लागेल!"

मी करवंटी हिसकावून गटागटा प्यायले. "बावळट! इमामसाहेब म्हणतात, डोळ्यातल्या पाण्याची शिक्षा नसते. शिक्षा असते जिभेची."

मग मी गल्लीकडे वळून बोंबलले, "अगं ए बायांनो, पाणी प्यायला या!"

कार्सिनाने माझं तोंड दाबलं. "हळू गं! तार्जोला त्रास होईल!"