दैवशालाचं ताट

लग्न झाल्यापासून दैवशाला नवऱ्याच्या आधी कधी जेवली नव्हती. सासूनं लावलेली सवय सासू गेल्यावरही सुटली नाही. रामकिसन भोकरदनच्या बाजारातून कितीही उशिरा परतो, ती भाकरी झाकून उंबऱ्याशी बसायची. त्याचं झालं की त्याच्याच ताटात वाढून घ्यायची. दिवसभर बियाण्याच्या प्लॉटवर संकरासाठी मिरचीच्या कळ्या चिमट्यानं उकलून बोटं आखडलेली असत, तरी हा क्रम मोडला नाही.

आता रामकिसनच्या पोटातल्या गाठीनं अन्नाची वाटच बंद केली होती. ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. दर तिसऱ्या दिवशी प्रियदर्शनी सिस्टर गावात येई आणि दुखणं दाबणारी पट्टी त्याच्या दंडावर चिकटवी.

"मावशी, खायचा आग्रह करू नका. ओठ ओले ठेवा, एवढंच."

"मंग त्यांनी उपाशीच राह्यचं?"

"त्यांना भूक उरलेली नाही. दिलं तर उलटीच होईल." सिस्टरचं लक्ष दैवशालाच्या हाताकडे गेलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "तुम्ही काय खाता?"

"खाते की."

"खोटं बोलून राह्यली," रामकिसन खाटेवरून म्हणाला. "निस्त्या चहावर हाये. जेवायला माझ्या मागं अन् जायला माझ्या पुढं."

"तुमी गप पडा."

दारात सिस्टर हळूच म्हणाली, "आठवडा काढतील, फार तर."

ती गेल्यावर रामकिसननं ताट मागितलं.

"सिस्टर न्हाई म्हणल्या."

"वाढ. जल्दी."

भूक लागली असेल, असं दैवशालाला क्षणभर वाटलं. तिनं भाकरी आणि पिठलं वाढलं. त्यानं नखाएवढा तुकडा मोडून तोंडात घातला. गिळला नाही. गालात धरून ताट तिच्याकडे सरकवलं आणि हातानं खूण केली: झालं माझं, बस.

ती बसली. त्याला तोंडातला तुकडा फार वेळ धरवणार नाही, म्हणून ती पाण्याच्या घोटाबरोबर भरभर गिळत राहिली. तो तिच्या हाताकडे बघत होता. कपाळावर घाम आला होता.

शेवटचा तुकडा संपला तसं तिनं तसराळं त्याच्या हनुवटीखाली धरलं. भाकरीचा तुकडा पडला, मागून हिरवं पाणी आलं. बराच वेळ येत राहिलं.

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"सांजच्यालाबी वाढ," तो म्हणाला.

"वाढते," दैवशाला म्हणाली आणि ताट धुवायला घेऊन गेली.