रामटेकेभाऊंचा आकडा

रामटेकेभाऊ कुठेही गेले की आधी वर बघत. चहाची टपरी असो, लग्नघर असो, नाहीतर मोठ्या साहेबांची केबिन. छताची तुळई न्याहाळल्याशिवाय ते बसत नसत. एखादी तुळई मनातून उतरलीच, तर मुकाट्याने खुर्ची भिंतीकडे ओढून घेत. चंद्रपूरच्या आमच्या पूल बांधणाऱ्या कार्यालयात मी रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी माझं टेबलसुद्धा असंच सरकवलं. "इथी बसा साहेब. तो वासा थकला आता." मी ताजा एम.टेक. मला वाटलं, म्हातारा जरा खुळाच दिसतो.

ते आमचे ड्राफ्ट्समन. पन्नाशीचे, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. कोणी नवीन माणूस आला की दोन पुस्तकांवर फूटपट्टी आडवी ठेवून मध्ये बोटाने दाबून दाखवत. "वरचं दबून राह्यलं, खालचं ताणून राह्यलं, मधातलं ना इकडचं ना तिकडचं. एवढंच हाये पाहा सारं." मलाही दाखवलं. मी हसू दाबून बघितलं.

नागभीडकडच्या एका खेड्यातले ते पहिले डिप्लोमावाले. वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबले. छपन्न साली घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा भाऊ शाळेत होते. शिकायचं हे त्या घरात तेव्हाच ठरलं. नकाशावर सही करताना ते पेन पुसून घेत आणि कधीकधी म्हणत, "माह्या बापाचा अंगठा होता, साहेब. माही सही हाये. ते मी फुकटात नाई देत." बाकीचे कारकून गालात हसायचे.

अहेरीच्या वाटेवर एका नाल्यावर लोखंडी पूल व्हायचा होता. सागवानाचे ट्रक त्यावरून जायचे. माझ्या अंगात विद्या सळसळत होती. नागपूरला जाऊन, ओळखीने संगणकावर वेळ मिळवून मी तुळईचं गणित नव्या पद्धतीने करून आणलं. या पद्धतीत संगणक तुळईचे तुकडे पाडतो आणि एकेका तुकड्यातला ताण काढतो. कागदाचं भेंडोळं साहेबांच्या टेबलावर उलगडलं तेव्हा अख्खं ऑफिस गोळा झालं. ताण फारच कमी निघाला होता. म्हणजे पत्रे पातळ चालणार, लोखंड वाचणार. साहेब खूश.

भाऊंनी मात्र पेन्सिल काढली आणि तीच तुळई जुन्या सूत्राने अर्ध्या पानात सोडवली. माझा आकडा त्यांच्या आकड्याच्या जेमतेम निम्मा होता.

"भाऊ, तुमचं सूत्र आपल्या पणजोबांच्या काळातलं आहे," मी म्हणालो. लोक हसले. हे वाक्य आजही आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

ते रागावले नाहीत. "तुमचा कम्पुटर खोटा हाये, असं मी नाई म्हणून राह्यलो. पण साधी तुळई, साधा भार. दोघांत एवढा फरक काऊन, ते सांगा. सांगितलं का करतो सही."

मला सांगता आलं नाही, आणि येत नाही हे कबूल करण्याएवढा मी मोठा नव्हतो. साहेबांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. भाऊंनी पेनाचं टोपण लावून टाकलं. महिन्याच्या आत त्यांची दूर जंगलातल्या सिरोंच्याला बदली झाली. जाताना मला म्हणाले, "फरक सापडला तर कळवा बरं का साहेब."

ते गेल्यावर पंधरा दिवसांतच मला फरक सापडला. संगणकाचा वेळ कमी मिळाला म्हणून मी तुकडे मोठे पाडले होते. तुळईच्या उंचीत त्रिकोणांची एकच ओळ. एका तुकड्यात ताण सगळीकडे सारखाच धरला जातो. वरचं दबणं आणि खालचं ताणणं त्या सरासरीत विरून गेलं होतं. तुकडे बारीक करत गेलो तसा आकडा चढत गेला आणि भाऊंच्या आकड्याला अगदी लागून थांबला. मी नकाशात पत्रे गुपचूप जाड केले. साहेबांना सांगितलं, पुराच्या दृष्टीने बरं. पूल झाला आणि तो ठणठणीत आहे. चूक मात्र मी पोटात ठेवली.

दोन महिन्यांनी सिरोंच्याहून कार्ड आलं. वळणदार अक्षर. "स. न. वि. वि. मी ते गणित पुन्हा केले. आकडा तोच येतो. माझे कुठे चुकते, ते सवडीने कळवावे." उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. कागदावर चूक कबूल केली आणि ते कार्ड कोणाच्या हाती लागलं तर, अशी भीती. मग ठरवलं, प्रत्यक्षच जाऊन सांगू. पावसाळा संपला की जाऊ.

पावसाळा संपता संपता तार आली. हिवताप डोक्यात गेला होता. तिथून दवाखान्यात आणेपर्यंत भाऊ उरले नाहीत.

तेरवीच्या फंदात त्या घरात कोणी पडत नव्हतं. वंदना झाली, लोक जेवून गेले. मी नागभीडकडच्या त्यांच्या खेड्यात त्यानंतर आठवड्याने पोचलो. सुमनबाईंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, चहा ठेवला आणि एक वही आणून माझ्यापुढे उघडली. पानामागून पान तीच तुळई. कधी खालून सुरुवात, कधी मध्यापासून, कधी आकडे वेगळ्या रंगात पडताळलेले. प्रत्येक पानाच्या शेवटी तोच आकडा, आणि त्याखाली प्रश्नचिन्ह.

"ड्युटीवरून आले का हेच घेऊन बसत," त्या म्हणाल्या. "ताप असतानाही म्हणत, सुमन, माह्यं कुठीतरी चुकून राह्यलं. तुम्ही शिकलेले हाये, भाऊ. पाहून सांगा, काय चुकलं होतं त्यायचं?"

 मी सांगून टाकलं. "काही चुकलं नव्हतं, बाई. त्यांचा आकडा बरोबर होता. चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी वही मिटून आपल्याकडे ओढली. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग हे त्यायले सांगाचं होतं ना, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि चहा गाळायला आत गेल्या.